जुन्या झेनचा टायमिंग बेल्ट घरच्या पार्किंगमध्ये कसा बदलावा

फॅन बेल्ट सैल झाला की किंचाळतो, क्लच जळका वास देतो, ब्रेक पॅड किरकिरतात. टायमिंग बेल्ट मात्र कसलीच कुरकुर करत नाही. प्लास्टिकच्या कव्हरमागे गुमान फिरत राहतो आणि मग एखाद्या दिवशी खंबाटकीच्या चढावर गाडी जागच्या जागी बसते. म्हणून तो लक्षणं बघून नाही, किलोमीटर आणि वर्षं मोजून बदलायचा असतो. बहुतेक गाड्यांत ही मुदत 60 हजार ते 1 लाख किलोमीटर किंवा चार-पाच वर्षं, यातलं जे आधी येईल ते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. गाडी महिनोन्‌महिने पार्किंगमध्ये उभी असली तरी रबर म्हातारं होतंच, हे जुन्या गाड्या जपणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

माझ्याकडे बाबांची 1998 सालची मारुती झेन आहे, कार्ब्युरेटरवाली, बिनएसीची. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी तिचा बेल्ट दोनदा बदललाय. पहिल्यांदा दोन रविवार गेले, दुसऱ्यांदा एका रविवारात उरकलं. खालची कृती झेनवरून सांगतेय. तुमची गाडी वेगळी असेल तर क्रम साधारण हाच, पण खुणा आणि टॉर्कचे (बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडे तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. ते हाती नसेल तर कामाला हात घालू नका.

आधी बेल्ट आहे का ते बघा

पुष्कळ गाड्यांत बेल्ट नसतोच, चेन असते. मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं आणि स्विफ्टचं 1.3 डिझेल चेनवर चालतात. मारुती 800, जुनी 800 सीसीची अल्टो, झेन, एस्टीम, सँट्रो झिंग, डिझेल इंडिका, डिझेल डस्टर या बेल्टवाल्या. यातल्या डिझेल गाड्यांचं काम पहिल्या प्रयत्नात घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इंडिकात तोच बेल्ट डिझेल पंपही फिरवतो आणि डस्टरच्या इंजिनाला कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा) आणि क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा खालचा दांडा) जागेवर अडकवायच्या खास पिना लागतात.

बेल्टचं काम एका वाक्यात सांगायचं तर क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदाच फिरला पाहिजे, म्हणजे पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह बरोबर वेळेला बंद असतात. पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. तिथे बेल्ट तुटला किंवा चुकीच्या दातावर बसला तर दोघांची टक्कर होते, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. तुमचं इंजिन त्यातलं आहे की नाही याची खात्री नसेल तर आहे असंच धरून चाला.

एकटा बेल्ट आणू नका

माझी पहिल्या वेळची चूक इथेच झाली. झेनच्या इंजिनात बाहेरची क्रँक पुली छोट्या बोल्टांवर बसते, मधला मोठा बोल्ट न हलवता ती निघते. मी खूश झाले, बेल्ट बदलला, कव्हर लावलं. पण क्रँकचं ऑइल सील त्या मोठ्या बोल्टाच्या, म्हणजे आतल्या दातेरी पुलीच्या मागे असतं. बोल्ट घट्ट होता, संध्याकाळ होत आली होती, सील कोरडं दिसत होतं; राहू दिलं. वर्षभरात कव्हरच्या खालच्या कडेला ऑइलचा काळा ओघळ आला. ऑइल लागलेला बेल्ट फुगतो, मऊ पडतो, त्याचे दात सुटतात. नवाकोरा बेल्ट फेकून पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागलं.

तेव्हा खरेदीची यादी अशी: टायमिंग बेल्ट, टेन्शनर (बेल्टला ताण देणारी चाकी) आणि त्याची स्प्रिंग, कॅमचं ऑइल सील, क्रँकचं पुढचं ऑइल सील, वॉटर पंप त्याच्या पॅकिंगसकट, हेड कव्हरचं पॅकिंग, फॅन बेल्ट, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. वॉटर पंपाला गॅरेजात ‘वॉटर बॉडी’ म्हणतात, दुकानातही तेच मागा. झेनमध्ये ती फिरते फॅन बेल्टवर, पण काढायची तर टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो. म्हणून ती आत्ताच बदलायची. दोन वर्षांनी ती गळायला लागली तर हाच सगळा खटाटोप परत आहे.

सामान मी नाना पेठेतून आणते. जाताना आरसीचा फोटो ठेवा आणि चेसिस नंबर दाखवूनच पार्ट मागा, कारण झेनचं इंजिन मधल्या काळात बदललं. कार्ब्युरेटरचं आणि एमपीएफआयचं (पेट्रोल इंजेक्शनवाल्या इंजिनाचं) सामान सरसकट एक नाही. नव्या बेल्टचे दात मोजा आणि जुना उतरल्यावर त्याचेही मोजून ताडून बघा. कंपनीचा ओरिजिनल किंवा गेट्स, कॉन्टिटेक, डेको यांपैकी चांगला बेल्ट घ्या, पक्क्या बिलाने. या एका वस्तूत डुप्लिकेटची जोखीम घेऊन वाचलेले पैसे पचत नाहीत. घरी आणल्यावर बेल्ट पिळू नका, उलटा करू नका, खिळ्याला टांगू नका. आतले काचेच्या तंतूंचे दोरे मोडतात आणि वरून काही दिसत नाही.

हत्यारांत 8 ते 19 नंबरच्या गोट्या (सॉकेट), रॅचेट, एक्स्टेन्शन, रिंग पाने, लांब टॉमी (गोटी फिरवायचा दांडा), फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), स्पार्क प्लगचा पाना, ट्रॉली जॅक, दोन घोड्या (गाडी पेलणारे स्टँड) आणि टॉर्क रेंच हवा. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी गोट्या आणि टॉमी स्वस्तात मिळतात आणि त्या खुशाल घ्याव्यात. टॉर्क रेंच मात्र नवाच घ्या. जुन्या मॅन्युअलमध्ये टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो, रेंचवर न्यूटन-मीटर, 9.8 ने गुणलं की झालं. शिवाय पांढरं नेलपेंट. ते का, ते पुढे येईल.

मोकळं करताना

पावसाळा टाळा, आणि सोमवारी सकाळी ऑफिसला त्याच गाडीने जायचंय अशा रविवारी काम काढू नका. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे आदल्या रात्रीपासून गाडी बंद. जमीन सपाट. आमच्या पार्किंगला पाणी वाहून जायला उतार आहे, म्हणून मी वॉचमनकाकांना सांगून गेटजवळची जागा घेते. मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

बेल्ट ड्रायव्हरच्या बाजूला आहे. उजव्या पुढच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा, मग जॅक लावा, घोडी द्या आणि गाडी घोडीवर टेकली की हाताने हलवून बघा. झेन हलकी म्हणतात, पण हलकी म्हणजे सातशे किलोंच्या वर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवा. घोडी घसरलीच तर गाडी चाकावर टेकेल.

चाकामागचं प्लास्टिकचं किंवा रबरी शील्ड काढलं की पुल्या समोर येतात. आता एक छोटी युक्ती: फॅन बेल्ट ताणलेला असतानाच वॉटर बॉडीच्या पुलीचे चार बोल्ट सैल करून घ्या. बेल्ट पुलीला धरून ठेवतो. आधी बेल्ट काढलात तर पुली पान्याबरोबर गरागरा फिरते आणि तुम्ही एका हाताने पुली, दुसऱ्याने पाना आणि दातांत टॉर्च धरून बसता. बोल्ट सैल झाले की अल्टरनेटर ढिला करून फॅन बेल्ट उतरवा, मग पुली काढा.

स्पार्क प्लगच्या खड्ड्यांतली धूळ ब्रशने किंवा फुंकरीने साफ करून चारही प्लग काढा. प्लगच्या वायरींना 1, 2, 3, 4 अशी चिकटपट्टी लावायला विसरू नका. प्लग निघाले की कॉम्प्रेशन राहत नाही आणि क्रँक हाताने सहज फिरतो. क्रँक नेहमी घड्याळाच्या दिशेने, पुलीकडून बघता, आणि क्रँकच्याच बोल्टाने फिरवायचा. कॅम पुलीला पाना लावून फिरवू नका.

मोठा मधला बोल्ट सोडवायला दुसरं माणूस लागतं. गाडी चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि आत बसलेल्याचा पाय ब्रेकवर पूर्ण दाबलेला. माझी भाची बसली होती. टॉमीला दोन फूट लोखंडी पाइप घातला आणि एकदम झटका न देता वजन टाकत गेले, तेव्हा ‘टक्’ करून सुटला. टॉमी चेसिसला टेकवून स्टार्टर मारायचा शॉर्टकट काही गॅरेजांत चालतो; तो घरी करू नका. टॉमी उडाला तर हाताचं हाड जातं. बोल्ट फक्त सैल करून परत हाताने घट्ट करा, क्रँक फिरवायला तो लागणार आहे. गिअर न्यूट्रलला आणा.

खुणा

सगळं काम इथे ठरतं, तेव्हा इथे घाई नको. बाहेरची क्रँक पुली काढा, मग कव्हरचे छोटे बोल्ट. ते ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने एका पुठ्ठ्यात टोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असते. कव्हर निघालं की आधी नीट बघा आणि वास घ्या. कोरडी काळी धूळ असेल तर ठीक. वरून ओलं असेल तर कॅमचं सील, खाली ओलं असेल तर क्रँकचं, आणि हिरवट-पांढरट खवले असतील तर वॉटर बॉडी गळतेय.

आता क्रँक सावकाश फिरवून दोन्ही खुणा जुळवा. सुझुकीच्या या इंजिनात कॅम पुलीवर इंग्रजी ‘ई’ हे अक्षर आहे, त्याच्याजवळची खूण मागच्या कव्हरवरच्या व्ही आकाराच्या खाचेसमोर येते. खाली आतल्या दातेरी पुलीवरचा पंचाचा ठिपका ऑइल पंपाच्या बॉडीवरच्या बाणासमोर येतो. बाहेरच्या मोठ्या पुलीवरची चीर आणि कव्हरवरचे अंश इग्निशन टायमिंगसाठी असतात, त्यांच्यावर बेल्ट बसवायचा नाही. या दोन जोड्यांची गल्लत करणारे मी बरेच पाहिलेत. क्रँकची खूण जुळली आणि कॅमची बरोबर उलट्या बाजूला असेल तर घाबरू नका, क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा.

जुळल्यावर नेलपेंटने स्वतःच्या खुणा करा: कॅम पुली आणि कव्हरवर एक सलग रेघ, क्रँकवर तशीच दुसरी. कारखान्यातली खूण काजळीत हरवते, ही हरवत नाही. मोबाइलने अगदी समोरून फोटो काढा. तिरक्या फोटोत एक दात इकडचा तिकडे दिसतो.

रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्टीवर) स्क्रू असलेल्या सुझुकी इंजिनात आणखी एक काम आहे, जे घाईच्या गॅरेजात गाळलं जातं. हेड कव्हर काढून सगळ्या टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्हची फट ठरवणारे, लॉकनट आणि स्क्रू सैल करायचे. कारण टेन्शनरची स्प्रिंग बेल्टला ताण देते तो कॅम मोकळा फिरत असेल तरच खरा. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला दाबून धरत असतील तर बेल्ट वरवर घट्ट वाटतो आणि नंतर सैल निघतो.

टेन्शनरचे बोल्ट सैल करा, स्प्रिंग उतरवा, बेल्ट काढा. इथून नवा बेल्ट बसेपर्यंत कॅम किंवा क्रँक मोकळे फिरवायचे नाहीत. मुलं आजूबाजूला असतील तर त्यांना हेही सांगा. चमकणारी पुली फिरवून बघायचा मोह कोणालाही होतो.

सील, वॉटर बॉडी, टेन्शनर

कॅमची पुली काढताना तिच्या भोकात जाड लोखंडी सळई अडकवून पुली धरा आणि मधला बोल्ट सोडवा. क्रँकची आतली पुली हलक्या हाताने बाहेर येते. तिची चावी, म्हणजे खाचेतला लोखंडी तुकडा, हरवू नका. जुनं सील काढताना शाफ्टला ओरखडा पडला तर नवं सीलही गळणार, म्हणून स्क्रू ड्रायव्हर शाफ्टकडे नाही, सीलच्या बाहेरच्या कडेकडे रोखा. नव्या सीलच्या ओठाला इंजिन ऑइलचं बोट फिरवा आणि सीलच्या मापाची गोटी ठेवून हलके ठोके देत ते सरळ आत बसवा. कड जुन्या सीलच्याच पातळीत आली की थांबा. पुल्या परत लावताना चावी आणि पिन आपापल्या खाचेत बसल्याची खात्री करा.

वॉटर बॉडी काढण्याआधी रेडिएटर खालून मोकळा करा. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं. सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात. तसराळ्यात धरा, सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा, गटारात ओतू नका. ओळखीच्या गॅरेजच्या पिंपात देता येतं. जुनं पॅकिंग खरवडताना ॲल्युमिनियमला खड्डा पडू देऊ नका. मी जुनं एटीएम कार्ड आणि थोडं थिनर वापरते. वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो आणि पाठ इथेच धरते.

जुना टेन्शनर कानाशी धरून फिरवा. कोरडा खरखर आवाज आला तर तो बदलायचाच होता, नाही आला तरी बदलाच.

नवा बेल्ट

हात साबणाने धुवा. बेल्टवर बाण असेल तर फिरण्याच्या दिशेने. आधी क्रँकच्या दातांत बसवा, मग टेन्शनर नसलेल्या बाजूने बेल्ट ताठ ओढत कॅमवर न्या आणि सगळा सैलपणा टेन्शनरच्या बाजूला येऊ द्या. चढत नसेल तर स्क्रू ड्रायव्हरने खेचू नका, टेन्शनर आणखी मागे ढकला. खुणा बघा, स्प्रिंग लावा आणि क्रँकच्या बोल्टाने दोन पूर्ण फेरे सावकाश फिरवा. मग टेन्शनरचे बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने आणि टॉर्कने घट्ट करा. एम8 मापाचे बोल्ट साधारण 20 ते 25 न्यूटन-मीटरचे असतात, कव्हरचे एम6 दहाच्या आसपास. ॲल्युमिनियमचे आटे त्याहून जास्त सहन करत नाहीत.

फिरवताना मध्येच काही कडक लागलं तर जोर लावू नका. तिथे व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो. मागे या, खुणा पुन्हा तपासा.

पहिल्या वेळी माझे दोन फेरे झाले आणि खालचा ठिपका बाणासमोर बरोबर आला. वरची पांढरी रेघ मात्र खाचेच्या किंचित अलीकडे थांबली. चिमूटभर अंतर, पार्किंगच्या पिवळट दिव्यात तर ‘चालतंय की’ म्हणावं एवढंसं. दुसऱ्या मजल्यावरचे काका भाजी घेऊन येत होते, ते थांबले. “काय गं, पुण्यातले सगळे मेकॅनिक संपले का?” मी म्हटलं, “काका, ही रेघ जुळलीय का हो?” त्यांनी चष्मा वर केला, वाकले आणि म्हणाले, “नाही. आणि मला यातलं काही कळत नाही.”

एक दात चुकला होता. कॅमला 36 दात धरले तर एक दात म्हणजे कॅमचे 10 अंश आणि क्रँकचे 20. गाडी सुरू झाली असती, पण खडखडत, ताकद नसलेली, पेट्रोल पिणारी. चूक कुठे झाली तेही कळलं: मी ताठ बाजूला थोडा झोल राहू दिला होता. क्रँक फिरताच तो झोल आधी ओढला गेला आणि कॅम तेवढा मागे राहिला. बेल्ट काढून पुन्हा बसवला, पुन्हा दोन फेरे, पुन्हा दोन. आता मी एकूण सहा फेरे फिरवते आणि दर दोन फेऱ्यांनी खुणा बघते. त्याला पाच मिनिटं लागतात.

परत बांधताना

क्रँकचा मोठा बोल्ट टॉर्क रेंचनेच. बहुतेक गाड्यांत त्याचा आकडा 100 न्यूटन-मीटरच्या वर असतो आणि अंदाज इथे हमखास चुकतो. मग टॅपेट: थंड इंजिनावर फीलर गेजने मॅन्युअलमधला गॅप ठेवा, पट्टी अडकत-अडकत सरकली पाहिजे. लॉकनट घट्ट करताना स्क्रू थोडा फिरतो, त्यामुळे घट्ट केल्यावर परत मोजा. हेड कव्हर नव्या पॅकिंगवर, टायमिंग कव्हर, बाहेरची पुली, वॉटर बॉडीची पुली, फॅन बेल्ट, प्लग, चाक, बॅटरी. काही उरलं असेल तर पुठ्ठ्याकडे बघा.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं मिसळून रेडिएटर भरा, झाकण उघडं ठेवून आणि हीटर गरमवर ठेवून इंजिन सुरू करा. बुडबुडे येत राहतील, पातळी उतरेल, भरत राहा. वरचा होज गरम झाला आणि पंखा एकदा लागून बंद झाला की झाकण लावा. इंजिन गरम असताना नंतर ते उघडू नका.

आवाज ऐका. बारीक, उंच गुणगुण येत असेल तर बेल्ट फार ताणलेला आहे. कव्हरवर फटफट आपटल्यासारखं वाटलं तर सैल आहे. दोन्ही वेळा इंजिन बंद करून कव्हर परत उघडायचं. डिस्ट्रिब्युटरला (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाला) हात लावला असेल किंवा जुना बेल्टच चुकीच्या दातावर होता असं आढळलं असेल तर इग्निशन टायमिंग लाइट लावून तपासून घ्या. एवढ्यासाठी गॅरेजात जायला हरकत नाही. पहिली फेरी चांदणी चौकापर्यंत आणि परत. ताम्हिणी पुढच्या आठवड्यात. पाच-सातशे किलोमीटरनंतर नवा फॅन बेल्ट थोडा सैल पडतो, तो एकदा ताणून घ्या.

कव्हरवर पेंट मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी टॉर्च घेऊन बघा. हिरवा डाग म्हणजे वॉटर बॉडीचं पॅकिंग किंवा एखादा होज, काळा-तपकिरी म्हणजे सील किंवा हेड कव्हर. गाडीला एसी असेल आणि आदल्या संध्याकाळी तो चालवला असेल तर नुसतं पाणी दिसलं तरी काळजी नाही. दुसऱ्या वेळेस माझ्या पुठ्ठ्यावर फक्त मांजराच्या पावलांचे ठसे होते.